हापूसची पेटी ऑनलाइन विकायची आहे? मग सीएमएस असा निवडा

सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर, दर आणि फोटो स्वतःला बदलता येतील असं सॉफ्टवेअर. वेबसाइट करायची ठरली की त्याबद्दलचा पहिला प्रश्न हमखास येतो: वर्डप्रेस घ्यायचं की शॉपिफाय? तो लगेच सोडवायला बसू नका. आधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. साइटवरचं नेमकं काय काय बदलत राहणार आहे, आणि ते कोणाच्या हातानं बदललं जाणार आहे.

रत्नागिरीचा बागायतदार हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतो असं धरू. मार्च ते मे पेटीचा दर आठवड्याला बदलतो, शिल्लक पेट्यांचा आकडा रोज बदलतो, आणि हे बदलणारा माणूस पॅकिंगच्या शेडमध्ये एका हातात मोबाइल घेऊन उभा असतो. त्याला लॅपटॉप उघडून बसायला लावणारा सीएमएस कितीही नावाजलेला असला तरी दुसऱ्या आठवड्यात साइटवर जुनाच दर राहतो. दापोलीच्या होमस्टेला दिवाळी, नाताळ आणि लागून आलेल्या सुट्ट्यांचे दर बदलावे लागतात. दातांच्या दवाखान्याची वेळ वर्षातून एकदा बदलली तर बदलते. या तिघांनाही एकच उत्तर देणारा माणूस तुमच्या धंद्याचा विचार करत नाही, तो स्वतःला जे येतं तेच विकतोय.

इथे आंब्याचं उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो. नाशवंत माल, तीन महिन्यांचा हंगाम, मराठी मजकूर, पिनकोडप्रमाणे डिलिव्हरी आणि आगाऊ पैसे, अशा सगळ्या अवघड गोष्टी त्यात एकत्र येतात. तुमचा धंदा याहून सोपा असेल तर त्यातल्या काही पायऱ्या गाळा.

कार्टची खरंच गरज आहे का

दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी येत असतील आणि बहुतेक गिऱ्हाईक ओळखीतून येत असेल, तर कार्ट (साइटवरची खरेदीची टोपली) आणि पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) पसारा मांडू नका. दर, फोटो, डिलिव्हरीची गावं आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढ्यावर हंगाम निघतो. बटणामागच्या लिंकमध्ये मोबाइल नंबर ९१ पासून सुरू करून सलग लिहायचा. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा किंवा डॅश यातलं काहीही मध्ये चालत नाही. लिंक उघडत नाही अशी तक्रार आली की आधी हेच पाहा. त्याच लिंकमध्ये "मला ५ डझनची पेटी हवी आहे, माझा पिनकोड" असा तयार मजकूर भरून ठेवता येतो. गिऱ्हाइकाला टाइप करावं लागत नाही आणि तुम्हाला पहिल्याच मेसेजमध्ये पिनकोड मिळतो.

अशा साध्या साइटला गूगल साइट्स पुरतं. ते फुकट आहे, स्वतःचं डोमेन (साइटचा स्वतःच्या नावावरचा पत्ता) जोडता येतं, अपडेटची कटकट नाही. मात्र "फुकट" या शब्दाबरोबर एक आठवण ठेवा. गूगलवरच्या व्यवसाय प्रोफाइलमधून एका बटणात साइट बनायची. ती सोय गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि १० जून २०२४ नंतर त्या पत्त्यांवरून प्रोफाइलकडे वळवणंही थांबलं. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, पेटीवर आणि टेम्पोवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. स्वतःचं डोमेन घेऊन ते त्या साइटला जोडलं असतं, तर मागची साइट बदलली तरी पेटीवरचा पत्ता तोच राहिला असता. म्हणून सीएमएस कोणताही असो, डोमेन आधी घ्या आणि छपाईत फक्त तेच वापरा.

ऑर्डरी याहून जास्त असतील, अनोळखी गिऱ्हाईक येत असेल आणि रात्री हिशोब जुळवताना कोणाचे पैसे आले नि कोणाचे नाही याचा गोंधळ उडत असेल, तर कार्ट लागतं.

कोणाकोणात निवड करायची

वर्डप्रेस या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. डॉट ऑर्गवरचं वर्डप्रेस हे २००३ पासून चालत आलेलं मोफत, खुलं सॉफ्टवेअर. ते तुम्ही घेतलेल्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) बसवायचं, सगळी मोकळीक तुमची आणि देखभालही तुमची. डॉट कॉमवरचं वर्डप्रेस ही एका कंपनीची सेवा. होस्टिंग त्यांचं, आणि काय करता येईल हे तुम्ही घेतलेल्या योजनेवर ठरतं. कोटेशनमध्ये नुसतं "वर्डप्रेस" लिहिलं असेल तर कोणतं ते विचारा. दुकानासाठी पहिल्यावर वूकॉमर्स हे प्लगिन (वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) बसवतात. तेही मूळ रूपात मोफत आहे.

शॉपिफाय ही भाड्याची जागा आहे. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट सगळं ते बघतात, मोबाइल ॲप चांगलं आहे आणि साठा बदलणं दोन टॅपचं काम. बदल्यात दर महिन्याला भाडं. शिवाय भारतात एक खर्च वाढतो. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट इथे मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्याचा गेटवे लावावा लागतो, आणि तो लावला की शॉपिफाय प्रत्येक व्यवहारावर आपला वेगळा टक्का घेतं. स्वस्त योजनेत तो २ टक्के असतो. हा आकडा योजनेच्या मोठ्या किमतीशेजारी दिसत नाही, खाली बारीक अक्षरात शोधावा लागतो.

विक्सवर दिसायला सुंदर साइट लवकर होते, पण तयार झालेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मजकूर हातानं कॉपी करावा लागतो. पाच पानांच्या साइटला ते परवडतं, दोनशे उत्पादनांच्या दुकानाला नाही.

जूमला आणि ड्रुपल भक्कम आहेत, पण छोट्या दुकानासाठी घेऊ नका, गावात दुरुस्त करणारा माणूस मिळणार नाही. आणि कोणाच्या जुन्या साइटवर अजून ड्रुपल ७ असेल तर त्याचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आहे, ती आधी हलवा.

आमचं मत स्पष्ट आहे. घरात किंवा तालुक्यात वर्डप्रेस सांभाळणारा एक भरवशाचा माणूस असेल तर वर्डप्रेस आणि वूकॉमर्स घ्या. तसा माणूस नसेल आणि कार्ट हवंच असेल, तर शॉपिफायचा जास्तीचा खर्च हा त्या माणसाचा पगार समजा आणि द्या. न सांभाळलेलं वर्डप्रेस हा सर्वांत महाग पर्याय असतो.

पैसे भरण्याआधी मराठीची परीक्षा

ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि जवळजवळ कोणी घेत नाही. डेमो इंग्रजी मजकुरावर दाखवला जातो आणि साइट मराठीत करायची असते, त्यामुळे दोष हंगामात उघडे पडतात.

चाचणीच्या पानावर हे वाक्य टाका: "दुसऱ्या पेटीत शंभर ग्रॅम जास्त, ॲडव्हान्स लागेल, लोणचं वेगळं." मग ते पान दोन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून बघा. "दुसऱ्या"मधला र अर्धगोल उमटायला हवा. तिथे पाय मोडलेला र आणि य सुटे दिसले तर फॉन्ट मराठीसाठी नीट नाही. "शंभर"मधला श आणि "लोणचं"मधला ल मराठी वळणाचा आहे की हिंदी, हेही बघा. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइटची भाषा इथे मराठी निवडली की ही नोंद आपोआप होते. तिथे इंग्रजी ठेवून फक्त मजकूर मराठीत टाकला, तर ब्राउझरच्या लेखी ते पान इंग्रजीच राहतं.

मुक्त, बलू आणि नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यवस्थित चालतात. थीममध्ये (साइटच्या तयार रूपरचनेत) दोन आकडे तपासा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ ठेवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये ते कमी असतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. शीर्षकं देखणी दिसावीत म्हणून थीमवाले ते वाढवतात आणि देवनागरीत शिरोरेषाच तुटते.

"ॲडव्हान्स" हा शब्द मुद्दाम घातला आहे. ॲ हे अक्षर काही कीबोर्ड एकसंध देतात, काही अ वर चंद्र ठेवून देतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण साइटवरचा शोध त्यांना दोन वेगळे शब्द मानू शकतो. दोन्ही प्रकारे टाइप करून शोधून बघा. सापडत नसेल तर उत्पादनाच्या नावात असं अक्षर टाळा.

पुढची अडचण पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि तो भाग २०० अक्षरांच्या आत बसवतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपात नऊ जागा खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे बावीसेक चिन्हांतच जागा संपते. "रत्नागिरी हापूस आंबा पाच डझन पेटी" असं उत्पादन घातलं तर पत्ता "पाच"पाशी तुटतो, आणि "रत्नागिरी हापूस आंबा पाच किलो खोका" घातला की त्याचाही पत्ता तिथेच तुटून शेवटी फक्त २ चा आकडा चिकटतो. व्हॉट्सॲपवर असा पत्ता बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांच्या लांबलचक माळेसारखा दिसतो आणि गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवायला कचरतं. उपाय सोपा आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र हातानं छोट्या रोमन अक्षरांत लिहा. हे पहिल्या दिवशी करा. पाने प्रकाशित झाल्यावर पत्ते बदलले तर जुन्या लिंक तुटू शकतात आणि तुटलेल्या प्रत्येकीला नवीन पत्त्याकडे वळवत बसावं लागतं.

छापखान्यातून आलेला मजकूर हा आणखी एक सापळा. जुनी माहितीपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेली असतात. तो मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखाच वाचला जाणारा, नसतो. कॉपी करून साइटवर चिकटवला की निरर्थक चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढला तरी जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. दोन-तीन पानं असतील तर बोलून टाइप करणं जास्त लवकर होतं.

उत्पादनांची यादी सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरात ठेवलेल्या तक्त्यातून) आत-बाहेर करणार असाल, तर ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. मराठी अक्षरांचा चिखल होतो, आणि ९१ सकट लिहिलेले बारा आकडी मोबाइल नंबर ९.१९ई+११ असे दिसू लागतात. त्या अवस्थेत फाइल सेव्ह केली की खरे आकडे कायमचे जातात. गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून आयात करताना यूटीएफ-८ निवडा आणि मोबाइलचा रकाना मजकूर म्हणून ठेवा.

पावतीची पीडीएफ मराठीत हवी असेल तर तीही आधी छापून बघा. पीडीएफ बनवणाऱ्या काही प्लगिनना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत आणि वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते. सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हे सुधारत नाही, प्लगिनच बदलावं लागतं.

पिनकोड आणि पैसे

पिकलेला आंबा कुरिअरमध्ये अडकला की पेटी फुकट गेली. त्यामुळे जिथे माल वेळेत पोहोचत नाही तिथली ऑर्डर साइटनं घेताच कामा नये. वूकॉमर्समध्ये यासाठी शिपिंग झोन असतात. पुण्यासाठी झोन करून पिनकोडच्या चौकटीत ४११ आणि पुढे तारांकन टाकलं की ४११ नं सुरू होणारे सगळे पिनकोड त्यात येतात. दोन पिनकोडांच्या मध्ये तीन टिंबं दिली तर तेवढा पट्टा धरला जातो. झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की शोध थांबतो. म्हणून "संपूर्ण महाराष्ट्र" हा झोन पुण्याच्या वर ठेवला तर पुण्याचा दर कधीच लागणार नाही. सर्वांत खाली "उरलेल्या जागा" असा झोन असतो. त्यात एकही डिलिव्हरीची पद्धत ठेवू नका, म्हणजे नको त्या पिनकोडची ऑर्डर पुढे सरकणारच नाही. शॉपिफाय किंवा दुसरं काही घेत असाल तर नेमकं हेच त्यांना करून दाखवायला सांगा. अनेक ठिकाणी पिनकोडची अट लावायला वेगळं सशुल्क ॲप लागतं, आणि ते कोटेशनमध्ये नसतं.

पेटीचे प्रकार मांडताना एकच उत्पादन ठेवा आणि त्याखाली डझन आणि फळाचं वजन असे पर्याय द्या. प्रत्येक जोडीला स्वतःचा साठा हवा. दोन डझन मोठं फळ संपलं म्हणून पाच डझन मध्यम फळ "संपले" दिसायला नको. साठा पर्यायावर धरायचा की मूळ उत्पादनावर, ही खूण दोन ठिकाणी असते आणि दोन्हीकडे लावली की आकडे जुळत नाहीत. ती पर्यायावरच लावा.

यूपीआयमध्ये एक चूक सारखी होते. गिऱ्हाईक पैसे भरायला यूपीआय ॲपमध्ये जातं, पैसे कटतात, पण ते ब्राउझरकडे परत येतच नाही. साइटला काही कळत नाही, ऑर्डर "पेमेंट बाकी" अशीच राहते. वूकॉमर्स अशा ऑर्डरसाठी साठा मुळात ६० मिनिटं अडवून ठेवतं, मग ऑर्डर रद्द करून पेटी मोकळी करतं. आता तुमच्या खात्यात पैसे आहेत, ऑर्डर रद्द आहे, आणि तीच पेटी दुसऱ्याला विकली गेली आहे. यावर उपाय वेबहुकचा. गेटवेच्या डॅशबोर्डवर साइटचा वेबहुक पत्ता भरला की ब्राउझर बंद असला तरी गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या साइटला कळवतो. गेटवेचं प्लगिन बसवलं म्हणजे वेबहुक लागला असं धरू नका. एक रुपयाचं उत्पादन करा, यूपीआयनं पैसे भरा, भरल्याक्षणी ब्राउझर बंद करा आणि पाच मिनिटांनी ऑर्डरची स्थिती बघा. "प्रक्रियेत" दिसली तर काम झालं.

गेटवेच्या मंजुरीसाठी हंगामाच्या तोंडावर धावू नका. पॅन, बँक खातं यांसोबत ते साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, डिलिव्हरी आणि परतावा अशी पानं बघतात. ही पानं नसली की अर्ज परत येतो. परताव्याचं पान दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. "३० दिवसांत माल परत" हे वाक्य कपड्याच्या दुकानाचं आहे. आंब्याला ते लागलं तर भांडण तुमच्या दारात येईल. फळ खराब निघाल्यास किती तासांत फोटो पाठवायचा आणि त्यावर काय मिळेल, ते साध्या मराठीत लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. छोट्या धंद्यात तो अधिकारी मालक स्वतः असला तरी नाव लिहायचंच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तिचा क्रमांकही उत्पादनाच्या पानावर द्या, गिऱ्हाईक तो शोधतं.

राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर जीएसटीचं सीएला आधी विचारा. उलाढालीची सूट राज्याबाहेरच्या मालविक्रीला लावता येईलच असं नाही, आणि साइट सुरू झाली की पहिली बाहेरची ऑर्डर बेळगाव किंवा हैदराबादहून येते.

तीन वर्षांचा हिशोब

पहिल्या वर्षाच्या किमतीवर तुलना करू नका. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर आमिषाचा असतो, रिन्यूअलचा दर त्याच पानावर फिक्या अक्षरात लिहिलेला असतो. तो घ्या. डोमेन, होस्टिंग, थीम, सशुल्क प्लगिन, देखभाल, आणि व्यवहारावरचा टक्का, असे सहा रकाने करा आणि तीन वर्षांचे आकडे भरा.

टक्क्याचा रकाना लोक रिकामा सोडतात. समजा हंगामात ३०० पेट्या २,५०० रुपयांनी गेल्या. विक्री ७,५०,००० रुपये. गेटवे कार्डावर २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेत असेल तर सगळे कार्डानं भरल्यास १७,७०० रुपये जातात. सीएमएसचा स्वतःचा २ टक्के त्यावर आला तर आणखी १५,००० रुपये. या पंधरा हजारांत साधं होस्टिंग आणि डोमेन दोन-तीन वर्षं निघू शकतं. उलट विक्री ५०,००० रुपयांची असेल तर हाच टक्का हजार रुपये होतो, आणि हजारासाठी सर्व्हर सांभाळण्यात अर्थ नाही.

महिन्याच्या भाड्याच्या सेवेला आणखी एक प्रश्न विचारा. जून ते फेब्रुवारी दुकान बंद असताना योजना थांबवता येते का, तेव्हा साइट दिसत राहते का, आणि किती लागतं?

बाहेर पडायची वाट

कोणत्याही सीएमएसमध्ये शिरण्याआधी त्यातून बाहेर पडून बघा. चाचणी खात्यावर तीन उत्पादनं, दोन पानं आणि एक खोटी ऑर्डर घाला, मग सगळं बाहेर काढा. उत्पादनं आणि गिऱ्हाइकांची यादी सीएसव्हीमध्ये येते का? फोटो मूळ आकारात मिळतात का? वर्डप्रेसच्या निर्यातीत एक खोच आहे. टूल्समधून मिळणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर असतो, फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नव्या जागी आयात करताना "जोडलेल्या फाइली उतरवून घ्या" ही खूण करावी लागते आणि त्या वेळी जुनी साइट चालू असावी लागते. होस्टिंग आधी बंद केलं आणि मग आयात करायला बसलं तर फोटो गेले.

पेज बिल्डरबद्दलही (ओढून-ठेवून पानं रचायच्या साधनाबद्दल) आधीच ठरवा. डब्ल्यूपीबेकरीसारख्या बिल्डरनं पानं बांधली आणि नंतर तो काढला, तर मजकुराच्या जागोजागी चौकोनी कंसातले सांकेतिक शब्द उरतात. शंभर पानांची साइट असेल तर ते हातानं साफ करणं म्हणजे नवी साइट करणंच. छोट्या दुकानाला वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर आणि एक हलकी थीम पुरते.

प्लगिन निवडताना तारे मोजू नका. शेवटचं अपडेट कधी आलं आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे ते वाचा. गेल्या तीन मुख्य आवृत्त्यांवर न तपासलेल्या प्लगिनच्या पानावर वर्डप्रेस स्वतःच इशारा दाखवतं. "सशुल्क थीम फुकट" अशा जागेवरून काहीही उतरवू नका. त्यात लपवलेला कोड काही महिने गप्प राहतो आणि मग तुमच्या पानांवर जुगाराच्या जाहिराती उगवतात.

किल्ल्या कोणाकडे

साइट करून देणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, पुढे फोन उचलणं बंद केलं, आणि रिन्यूअल चुकलं. यावर सीएमएस काही करू शकत नाही. डोमेनचं खातं तुमच्या ईमेलनं, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या पैशानं उघडा. करून देणाऱ्याला लागेल तेवढा प्रवेश त्यातून द्या. होस्टिंग, पेमेंट गेटवे आणि गूगलचं व्यवसाय प्रोफाइल यांनाही हेच लागू. वर्डप्रेसमध्ये मुख्य प्रशासक तुम्ही आणि सांभाळणारा माणूस एवढेच ठेवा. रोज दर आणि ऑर्डरी बघणाऱ्या घरच्या माणसाला वूकॉमर्सची "शॉप मॅनेजर" ही भूमिका द्या. त्यात दुकान चालवता येतं, पण चुकून प्लगिन काढून टाकता येत नाही.

ऑर्डरचे ईमेल पोहोचत नाहीत ही तक्रार इतकी नेहमीची आहे की ते सुरुवातीलाच तपासा. साइट जीमेलच्या पत्त्याच्या नावानं, पण होस्टिंगच्या सर्व्हरवरून ईमेल पाठवत असेल तर ते स्पॅममध्ये जातात किंवा नाकारले जातात. पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा, एसएमटीपी प्लगिन (ईमेल रीतसर मेल-सर्व्हरमार्फत पाठवणारं) लावा आणि डोमेनमध्ये एसपीएफ व डीकेआयएम या, ईमेल खरंच तुमचं आहे हे पटवणाऱ्या, नोंदी भरून घ्या.

दोन तासांची अंतिम चाचणी

शेवटी उरलेल्या दोन पर्यायांवर रोज साइट हाताळणाऱ्या माणसालाच बसवा, करून देणाऱ्याला नाही. मोबाइलवरून, घरच्या नेटवर. एका पेटीचा दर बदलणं, साठा शून्य करणं, नवा फोटो चढवणं आणि एक ऑर्डर रद्द करून पैसे परत करणं, ही चार कामं विचारल्याशिवाय जमली पाहिजेत. मोबाइलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. तो तसाच साइटवर जातो की सीएमएस लहान करतो ते बघा. १,२०० ते १,६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी प्रकारचा फोटो २०० केबीच्या आत बसतो आणि पेटीतली फळं तेवढ्यात स्पष्ट दिसतात. मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साइटवर उत्पादनाचं पान मोबाइलसाठी तपासा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा.

दर बदलल्यावर दुसऱ्या मोबाइलवर पान उघडून बघायला विसरू नका. कॅशमुळे (पानाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीमुळे) तिथे जुना दर दिसत असेल तर कॅश पुसायचं बटण कुठे आहे ते त्याच माणसाला दाखवून ठेवा. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅशमधून वगळलेली हवीत, नाहीतर एकाच्या कार्टमधला माल दुसऱ्याला दिसण्यापर्यंत मजल जाते.

जूनपासून

शेवटची पेटी गेली की साइट बंद करू नका. उत्पादनं "साठा संपला" करा आणि पुढच्या हंगामाची सूचना हवी असणाऱ्यांसाठी नाव-नंबरचा फॉर्म ठेवा. गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची सीएसव्ही उतरवून घ्या. पूर्ण बॅकअप होस्टिंगवर नव्हे, गूगल ड्राइव्हसारख्या वेगळ्या जागी ठेवा. वर्डप्रेसला यासाठी अपड्राफ्टप्लसची मोफत आवृत्ती पुरते.

पावसाळ्यात साइटकडे कोणी फिरकत नाही, आणि न अपडेट केलेल्या प्लगिनमधून घुसखोरी होते ती याच महिन्यांत. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला लॉगिन करा, आधी बॅकअप, मग अपडेट, मग एक खोटी ऑर्डर, एवढा अर्ध्या तासाचा क्रम ठेवा. मोठे बदल, जसं पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) नवी आवृत्ती, नवी थीम किंवा गेटवे बदलणं, हे जानेवारीच्या आत उरका. फेब्रुवारीत बॅकअप एका सबडोमेनवर (तुमच्याच डोमेनखालच्या उपपत्त्यावर) उतरवून साइट खरंच उभी राहते का ते बघा, आणि १ मार्चनंतर दर, साठा आणि फोटो सोडून कशालाही हात लावू नका. सुरक्षेचं तातडीचं अपडेट आलंच तर ते रात्री, बॅकअप घेऊन करा.